मदत हवी आहे: डेस्कटॉपवर कंपाइल केलेला प्रोग्रॅम पाय झिरोवर 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' देतोय

मंडळी, नमस्कार. प्रयाग चिखलीच्या बाजूला नदीकाठच्या शेतकऱ्यांसाठी आम्ही काही जण पाणीपातळी सांगणारं यंत्र करतोय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ आहे. पण काठावरच्या मोटारी काढायची वेळ त्याच्या कितीतरी आधी येते, आणि ती प्रत्येक काठाला वेगळी. रात्रीत पाणी चढलं तर मोटार, पेटी, पाइप सगळं जातं. म्हणून सेन्सरकडून थेट मोबाइलवर मेसेज जावा, एवढ्यासाठी ही धडपड.

बोर्ड रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू, हा छोटासा संगणक: जुन्या आर्मव्ही६ पिढीचा प्रोसेसर, एकच कोअर, ५१२ एमबी रॅम. ओएस ३२ बिटी, डेबियन ११ वरची. प्रोग्रॅम सी++ मध्ये. बोर्डवरच कंपाइल करायला गेलं की रॅम संपते आणि छोटा बदल तपासायलाही ताटकळत बसावं लागतं. म्हणून उबंटू २२.०४ वर आर्मसाठीचा हार्ड-फ्लोट (दशांशाचं गणित थेट प्रोसेसरच्या हार्डवेअरवर करणारा) जीसीसी कंपायलर टाकून तिथंच बिल्ड करतोय.

आधी 'जीलिबसी २.३४ सापडत नाही' असा एरर आला. जीलिबसी म्हणजे लिनक्सची मूळ सी लायब्ररी; उबंटूची २.३५ आणि बोर्डवरची २.३१, म्हणून. बोर्डचे लिब आणि यूएसआर फोल्डर आरसिंकने (फाइली कॉपी करणारं टूल) डेस्कटॉपवर आणून कंपायलरला सिसरूट, म्हणजे लायब्ऱ्या शोधायचं मूळ फोल्डर, म्हणून दिले, ते मिटलं. आता प्रोग्रॅम सुरू होतो न होतो तोच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन', म्हणजे प्रोसेसरला न कळणारी आज्ञा. कंपायलरला आर्मव्ही६ चा फ्लॅग द्यावा तर तो म्हणतो थंब-१ मध्ये (आर्मच्या आखूड आज्ञांचा जुना संच) हार्ड-फ्लोट जमत नाही. आर्म मोड सक्तीचा केला की बिल्ड होतो, पण बोर्डवर रडगाणं तेच. रीडएल्फ (बायनरीची माहिती दाखवणारं टूल) माझ्या ऑब्जेक्ट फाइलला व्ही६ म्हणतं आणि तयार बायनरीला व्ही७, म्हणजे पुढच्या पिढीचं! मित्राच्या पाय ३ वर हीच बायनरी बिनतक्रार चालते. मग हे व्ही७ शिरतंय कुठून?

पाय झिरो २ घ्या, असं कृपया सुचवू नका. बोर्ड घेऊन झालेत, शिवाय सगळं सोलरवर चालवायचंय. मिरगाआधी काठावर बसवायचं आहे.

प्रतिसाद १
भावा, ते कंपायलरच्याच पोटातून येतंय. उबंटूचं आर्मएचएफ (हार्ड-फ्लोट आर्म) व्ही७ धरून बांधलेलं असतं. लिबजीसीसी, सीआरटीबिगिन हे प्रत्येक प्रोग्रॅमला जोडले जाणारे कंपायलरचे तयार तुकडे सिसरूटमधून येत नाहीत, कंपायलर स्वतःच्या फोल्डरमधून जोडतो. फ्लॅग कितीही दे, त्या व्ही७ च राहणार. क्रॉसटूल-एनजी या टूलने वेगळी टूलचेन (कंपायलर आणि त्याच्या लायब्ऱ्यांचा संच) बांध: सीपीयू आर्म११७६जेझेडएफ-एस, एफपीयू व्हीएफपी, हार्ड फ्लोट, जीलिबसी २.३१. जीसीसी १० च ठेव. नवा घेतलास तर बोर्डवरची सी++ लायब्ररी जुनी पडेल.

धागाकर्ता
खूप आभार! रात्री बांधायला लावतो. एक विचारायचं राहिलं: सिसरूटमधल्या काही सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडं बोट दाखवणाऱ्या फाइली) मधले पत्ते थेट रूटपासून सुरू होतात. त्या तशाच चालतील?

प्रतिसाद २
नाही चालणार. डेस्कटॉपवर त्या डेस्कटॉपच्याच फोल्डरकडं बोट दाखवतात. आरसिंक झाल्यावर सगळ्या रिलेटिव्ह करून घ्या, आणि दरवेळी आरसिंक केलं की पुन्हा करा.