मदत हवी आहे: रत्नागिरी ते धामापूर, डंपर न भेटणारी मातीची वाट

नमस्कार मंडळी,

माझी लेक चौदा वर्षांची आहे. रत्नागिरीहून आजोळी सायकलने जायचं, हे तिने तीन वर्षांपासून मनात धरलंय. आजोळ म्हणजे माझं माहेर, मालवण तालुक्यात, धामापूर तलावापासून हाकेच्या अंतरावर. मी हो म्हटलं आहे आणि मला ते पाळायचं आहे. दिवाळीनंतर पाच दिवस काढता येतील, रोज ३०-३५ किलोमीटर. वाट मात्र जमत नाहीये.

महामार्ग नकोच. मागच्या वर्षी आम्ही दोघी चिऱ्यांनी, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांनी भरलेल्या एका डंपरपुढे सापडलो. त्याने हॉर्न दिला, जागा दिली नाही. लेक गटारात उतरली म्हणून वाचली. खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण नंतर दोन महिने तिने सायकलला हात लावला नाही. ती परत सायकलवर बसली ती सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर. आमच्या घरामागे चढून गेलं की सडा लागतो. तिथे कातळावरून गेलेली तांबडी वाट आहे, दोन्हीकडे वाळलेलं गवत, मध्येच एखादं करवंदाचं जाळं आणि लांबवर समुद्र. तासभर फिरलो तरी एखादा गुराखी भेटतो, बाकी कोणी नाही. तिथेच तिची भीती गेली. म्हणून मला असाच रस्ता हवा आहे, निदान दिवसातला निम्मा तरी.

अडचण कोकणच्या भूगोलाची आहे. सड्यावर कितीही सायकल चालवा, त्रास नाही. पण प्रत्येक सडा कुठल्या ना कुठल्या खाडीशी संपतो. मुचकुंदी, राजापूरची खाडी, वाघोटण, देवगडची खाडी, गड नदी, सगळ्या पूर्वेकडून पश्चिमेला जातात आणि आम्हाला जायचंय उत्तरेकडून दक्षिणेला. सपाट चाललेली वाट एकदम उतरते, खाली माडाची वाडी, भाताचे मळे, खाजणातली दलदल, मग पाणी, आणि पलीकडे तेवढाच चढ. उतरायची वाट बहुतेक वेळा पाखाडी असते, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या. मी दोन वेळा खांद्यावर सायकल घेऊन उतरले आहे. लेकीला सामानासकट ते दिवसातून तीनदा जमणार नाही.

उपग्रहाच्या चित्रावर वाटा शोधल्या. इथे एक फसगत सांगून ठेवते, इतरांना उपयोग होईल. रुंद, लालभडक, सरळ रेष दिसली की आनंद होतो, पण ती बहुतेक चिरेखाणीला जाते. टोकाला चौकोनी खड्डे दिसले तर खाणच समजा, आणि त्या वाटेवर डंपर असणारच. बारीक, वाकडी, मध्येच झाडीत बुडणारी रेष आपली. पण ती पुढे निघते की दगडी गडग्यापाशी संपते, ते चित्रावरून कळत नाही.

सायकलींना ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर आहेत, डिस्क ब्रेक आहेत. आधी २८ चे टायर होते, जांभ्याच्या कडेवर आपटून ट्यूबला सापाने चावल्यासारखी दोन भोकं पडायची. ते आता थांबलंय.

तर प्रश्न असे. खाड्या ओलांडायला पूल सोडून दुसरं काही आहे का? सड्यावरून खाली उतरणाऱ्या, पायऱ्या नसलेल्या वाटा कशा शोधायच्या? आणि राजापूर ते देवगड या पट्ट्यात कोणी मातीच्या वाटेने गेलंय का?

कातळवाट यांचं उत्तर

ताई, आधी तारीख बघून घ्या. दिवाळी लवकर असेल तर सड्यावर गवत कमरेएवढं उभं असतं, वाट आणि खड्डा सारखेच दिसतात. नोव्हेंबर संपता संपता गवत कापून होतं. तेव्हापासून जानेवारीपर्यंतचा काळ उत्तम. पुढे आंब्याचा हंगाम येतो, बागांमधून पिकअप सुरू होतात आणि सडा तापतो. वणवेही तेव्हाच लागतात.

पायऱ्या नसलेल्या वाटांसाठी माझी एकच युक्ती आहे. गावात "रस्ता कुठे जातो" असं विचारू नका, लोक डांबरी रस्ता दाखवतात. म्हाताऱ्या माणसाला विचारा, "पूर्वीची गाडीवाट कुठची?" बैलगाडी पायऱ्या चढत नाही. त्यामुळे तिची वाट वळणं घेत, हळूहळू चढलेली असते. काहींवर आता डांबर पडलंय, पण ज्या उरल्यात त्या सायकलसाठी सोन्यासारख्या. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० चे नकाशे फुकट उतरवता येतात, त्यात गाडीवाट आणि पायवाट वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेल्या असतात. नकाशा जुना असला तर आपल्यासाठी जास्तच चांगला.

आणि एक विनंती. राजापूर तालुक्यातले सडे म्हणजे कातळशिल्पांचं, म्हणजे जमिनीलगतच्या कातळावर कोरलेल्या प्राचीन चित्रांचं घर. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी ही नावं तुम्हाला माहीत असतीलच. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण प्रत्येक चित्राभोवती कुंपण नाही. काही रेषा बोटभर खोल आहेत, काही तर तिरप्या उन्हातच दिसतात. मळलेली वाट सोडून कातळावर चाकं नेऊ नका. पोरीला कशेळीचा हत्ती जरूर दाखवा. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, भर दुपारी त्याची सोंडही दिसायची नाही.

खाडीकाठ यांचं उत्तर

पुलांबद्दल सांगतो. पूर्णगड, जैतापूर, वाघोटण हे तिन्ही पूल सागरी मार्गावर आहेत आणि ते टाळण्यात अर्थ नाही. होडी मिळेलच याचा भरवसा नाही, मिळाली तरी भरती-ओहोटी बघावी लागते आणि ओहोटीला चिखलातून सायकल न्यावी लागते. सागरी मार्ग महामार्गासारखा नाही, तासाला मोजक्या गाड्या. मुक्काम असा ठरवा की पूल उजाडल्यावर पहिल्या तासात येईल. पूल आणि पुढचा चढ डांबरावरून, मग लगेच सड्यावर.

पाणी प्रत्येकी तीन लिटर ठेवा. सड्यावर सावली नाही आणि विहिरी सगळ्या खाली वाडीत. कलमांच्या बागेतली कुत्री अंगावर येतात. उतरून सायकल मध्ये धरून चाला, पळवू नका. पाच वाजता सडा सोडायचाच. बिबट्या आणि रानडुक्कर दोन्ही आहेत, आणि थंडीत अंधार झपकन पडतो.

नेरूरकडची यांचं उत्तर

मी शेवटच्या टप्प्यापलीकडचं सांगते, कारण तो आमचा भाग. धामापूरला पोचलात की तिथेच थांबू नका, एक दिवस जास्त ठेवा. धामापूरचा तलाव १५३० सालचा, विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या मदतीने बांधलेला. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. काठावर भगवतीचं देऊळ आणि सभोवती दाट झाडी, हे तुम्हाला मी काय सांगणार. पण नेरूरपारच्या पुलावरून कर्ली नदी ओलांडून अलीकडे आलात की वालावलला लक्ष्मीनारायणाच्या देवळाला लागून तळं आहे, आणि तसंच पुढे पाटचा तलाव, थंडीत पाखरांनी भरलेला. एका दिवसात तीन तळी होतात. रस्ता बराचसा डांबरी आहे, पण अरुंद, सावलीचा, एसटी गेली की परत शांत.

करवंदाच्या काट्यांना ट्यूबलेस टायरमधला, भोक बुजवणारा सीलंट पुरतो. तरी एक ट्यूब ठेवाच.

पुन्हा मी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. गाडीवाटेची युक्ती लगेच वापरून पाहिली. शनिवारी पावसकडच्या एका वाडीत ऐंशी पार केलेल्या आजोबांना विचारलं. त्यांनी काठीने मातीत रेघ ओढून दाखवली, कुठल्या वडाला डावीकडे घालायचं तेही सांगितलं. वाट निघाली! दोन ठिकाणी रानमोडीची झुडपं माजली होती, एक व्हाळ (ओढा) सायकल उचलून ओलांडावा लागला, पण पायरी एकही नाही. लेक सबंध उतार सायकलवरून न उतरता आली आणि खाली पोचल्यावर मागे वळून कितीतरी वेळ बघत राहिली.

आता ठरलंय ते असं. डिसेंबरचा दुसरा आठवडा, पाचाऐवजी सहा दिवस. पहिला मुक्काम आडिवऱ्याच्या आसपास, दुसरा जैतापूरच्या अलीकडे, म्हणजे पूल सकाळी येईल. तिसरा वाघोटण ओलांडून पडेलकडे. सहाव्या दिवशी वालावल आणि पाट. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "येवा, पण अंधार पडाच्या आदी येवा."

अडतंय ते एकाच जागी. आचऱ्याहून आत वळून मसुऱ्याच्या बाजूने गड नदी ओलांडायची आहे, म्हणजे मालवण शहर आणि त्याची रहदारी टळेल. त्या भागातल्या वाड्यांना जोडणारे साकव, म्हणजे पायी जायचे छोटे पूल, पावसाळ्यानंतर कसे आहेत, सायकल हातात धरून दोघींना जाता येईल का, हे तिथल्या कोणी सांगितलं तर पाचवा दिवस पक्का करते. फोटो टाकलात तर फारच बरं.