प्लेफेअर डिस्प्ले शीर्षकाला अप्रतिम, पण मजकुरात वाचवत नाही, काय करू?

शाईरेघ:
मंडळी, इंग्रजी कवितांची एक छोटी पुस्तिका लावतेय. शीर्षकं प्लेफेअर डिस्प्ले या फॉन्टमध्ये 48 पॉइंटला घेतली आणि खरंच नजर हटत नाही, उभी रेघ भरदार आणि तिथूनच निघणारी दुसरी केसाएवढी. मोह झाला म्हणून कविताही त्यातच 9 पॉइंटला टाकल्या, प्रिंट काढलं तर लहान 'ई'ची मधली आडवी रेघ जवळजवळ गायब, 'सी' आहे की 'ई' तेच कळेना. शिवाय सालं लिहिलीत त्यातले आकडे वर-खाली झालेत. फॉन्ट बदलायचं जिवावर आलंय.

खिळेजुळारी:
फॉन्ट बदलू नका, फक्त मजकुरातून काढा. नावातच डिस्प्ले आहे, म्हणजे मोठ्या साइझसाठीच काढलाय तो. 48 पॉइंटला जी रेघ नाजूक दिसते तीच 9 ला पाचव्या हिश्शाहून बारीक होते, मग कागदावर ती टिकणार कशी? छपाईला शिशाचे खिळे (धातूची सुटी अक्षरं) होते तेव्हा प्रत्येक साइझ वेगळी कोरायचे आणि लहान साइझला बारीक रेघ मुद्दाम जाड ठेवायचे. आता एकच ड्रॉइंग लहान-मोठं करतो आपण, तिथे घात होतो. अगदी याच घराण्यातलं मजकुरात हवंच असेल तर बोडोनी मोडा बघा, त्यात ऑप्टिकल साइझची सोय आहे, 6 पासून 96 पॉइंटपर्यंत रेघांची जाडी त्या-त्या साइझप्रमाणे बदलते.

उभाअक्ष:
वरच्याशी सहमत, फक्त घराणं एकच म्हणू नका. प्लेफेअर (क्लाउस एगर्स सोरेनसेनने 2011 मध्ये काढलेला) अठराव्या शतकातला इंग्रज मुद्रक बास्करव्हिल याच्या अक्षरांच्या वळणावरून आलाय, बोडोनी आणि दिदो ही अक्षरवळणं त्याच्या पुढची. बास्करव्हिलने 1757 मध्ये रोमन कवी व्हर्जिलचं पुस्तक छापलं तेव्हा शाई, कागद सगळं स्वतः सुधारून घेतलं होतं, कारण गुळगुळीत कागदाशिवाय इतक्या बारीक रेघा उमटल्याच नसत्या. म्हणून तुमचा कागद खरखरीत असेल तर शीर्षकालाही जरा जाड वजन (म्हणजे जाड रेघांचा प्रकार) घ्या. काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं तर नकोतच, आजूबाजूची शाई पसरून बारीक रेघा बुजतात.

आणि ते आकडे बिघडलेले नाहीत हो, प्लेफेअरमध्ये मुळातच जुन्या वळणाचे आकडे येतात, 3, 4, 5, 7, 9 ओळीखाली उतरतात. कवितेच्या ओळीत ते फार गोड मिसळतात, मी तर तसेच ठेवले असते. एका उंचीचेच हवे असतील तर सॉफ्टवेअरमधल्या ओपनटाइप (फॉन्टच्या जादा सोयी) पर्यायांत लायनिंग फिगर्स निवडा.

शाईरेघ:
आकडे चुकलेत असं समजून मी एकेक हाताने वर उचलत बसले होते! ते आता मूळचेच ठेवते. मजकूर बास्करव्हिल फॉन्टमध्ये 10 पॉइंटला टाकून बघितला, 'ई' नीट वाचता येतोय आणि वरचं शीर्षक आधीपेक्षा जास्त उठून दिसतंय. कागद मात्र जरा खरखरीतच आहे, म्हणून शीर्षकं मीडियम वजनात परत काढतेय.