केमोनंतर कसं वाटतंय, हे दर आठवड्याला विचारायला हवं की नको?

मुठाकाठ:
आईच्या आतड्याच्या कॅन्सरचे उपचार गेल्या वर्षी पुण्यातच झाले. दर तीन आठवड्यांनी ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन आणि मधल्या दिवसांत घरी गोळ्या. ओपीडीत डॉक्टर विचारायचे, "काय आजी, कसं आहे?" आई पदर सावरून म्हणायची, "बरं आहे." मी शेजारी उभी. घरी मात्र गार पाण्याला हात लागला की तिच्या बोटांत टाचण्या टोचायच्या, हातातून कप निसटायचा, ब्लाऊजची हुकं मला लावून द्यावी लागायची. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण केमोत असं व्हायचंच, असं मी धरून चालले होते. पाचव्या सायकलच्या, म्हणजे केमोच्या पाचव्या फेरीच्या, दिवशी सलाईन लावण्याआधी एका सिस्टरने आईची हुकांशी चाललेली झटापट पाहिली आणि ती डॉक्टरांना बोलली. डोस कमी झाला. बोटांच्या मुंग्या अजून गेलेल्या नाहीत.

तेव्हापासून मनात एकच गोष्ट आहे. पुण्यात जिथे जिथे केमो दिली जाते तिथे रुग्णाला आठवड्यातून एकदा, मराठीत, दहा-बारा साधे प्रश्न विचारले गेले पाहिजेत आणि उत्तरं वाचायला ठरलेला माणूस पाहिजे. ही माझी घरगुती कल्पना नाही. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये डॉ. ईथन बाश आणि सहकाऱ्यांनी पसरलेला कॅन्सर असलेल्या ७६६ रुग्णांवर अभ्यास केला. एका गटाने १२ लक्षणं संगणकावर नोंदवायची आणि काही बिघडलं की नर्सला ईमेल जायची. दुसऱ्या गटाची नेहमीसारखी काळजी. सहा महिन्यांनी नोंदवणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांचं जगणं सुधारलं होतं, दुसऱ्या गटात १८ टक्क्यांचं. तातडीच्या विभागात जावं लागलेल्यांचं प्रमाण ३४ टक्के, दुसरीकडे ४१ टक्के. २०१७ मध्ये आलेल्या पुढच्या निकालात मध्यक आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ३१.२ महिने विरुद्ध २६ महिने.

तिथे नवं औषध कुठलंच दिलं नव्हतं. फक्त विचारलं होतं आणि उत्तर ऐकलं होतं. मग आपल्याकडे का नाही?

ऑन्को ओपीडी:
मी याच शहरात कॅन्सरचे रुग्ण तपासतो. तुमच्या आईंच्या बाबतीत जे झालं ते व्हायला नको होतं. हाताच्या मुंग्या त्या औषधाबरोबर साठत जातात, कधीकधी औषध थांबवल्यावरही काही काळ वाढतात. म्हणून आधी विचारायलाच हवं होतं.

पण पाच महिन्यांचा तो आकडा लोकांसमोर असा ठेवू नका. तो एकाच, अतिशय संपन्न रुग्णालयातला आहे. बाश आणि सहकाऱ्यांनीच पुढे अमेरिकेतल्या ५२ साध्या कॅन्सर केंद्रांत ११९१ रुग्णांवर हीच पद्धत वापरली. आयुर्मानात फरक सापडला नाही. आपण रुग्णाला महिने वाढवून देतोय असं सांगितलं आणि ते वाढले नाहीत, तर ती फसवणूक होते.

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. समजा शनिवारी रात्री अकराला एखाद्याने फॉर्ममध्ये "ताप १०१" लिहिलं. वाचणारा सोमवारी येणार. घरचे निवांत, कारण "दवाखान्यात कळवलंय ना." फॉर्म नसता तर त्यांनी रिक्षा करून रुग्णाला आणलं असतं. न वाचला जाणारा फॉर्म हा फॉर्म नसण्यापेक्षा धोकादायक आहे. सकाळी नऊ ते दोन साठ-सत्तर रुग्ण बघणाऱ्या ओपीडीत तो कोण वाचणार, याचं उत्तर मिळेपर्यंत माझा विरोध आहे.

मुठाकाठ:
डॉक्टरसाहेब, त्या ५२ केंद्रांत आयुर्मान वाढलं नाही हे खरं. पण रोजची कामं करण्याची ताकद, लक्षणांवरचा ताबा आणि जगण्याची प्रत तिथेही सुधारली, आणि तातडीच्या विभागात पहिल्यांदा जायची वेळ लांबली. आईने मला कधी विचारलं नाही की मी किती महिने जगेन. तिने विचारलं, मला स्वतःची वेणी घालता येईल का? हा प्रश्न तुमच्या लेखी कमी महत्त्वाचा आहे का?

डेकेअर सिस्टर:
वीस वर्षं केमोच्या खुर्च्यांमध्ये काढली आहेत, म्हणून लिहिते. डॉक्टरांना "बरं आहे" म्हणणारा माणूस पाच मिनिटांनी हाताला सुई लावताना मला सगळं सांगतो. तोंड आलंय, पाणी गिळवत नाही. चार दिवस संडासला झालं नाही. उलटीच्या गोळ्या "गरम पडतात" म्हणून बंद केल्या. यातल्या बहुतेक गोष्टी एका फोनवर सुटतात. पण आम्हाला कळतं तेव्हा पुढची सायकल आलेली असते आणि वजन तीन किलोने उतरलेलं असतं.

तापाचं मात्र डॉक्टर म्हणतात ते शंभर टक्के खरं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या दिवसांत १००.४ ताप म्हणजे लगेच दवाखाना, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. लोक क्रोसिन देऊन सकाळची वाट बघतात, आणि सकाळी बीपी लागत नाही. हे मी पाहिलंय. म्हणून कागदाच्या वरच मोठ्या अक्षरात लिहा: ताप आला तर हा कागद भरू नका, निघा.

आणि हो, हे काम आमच्याच माथी येणार. आम्ही चौघी आहोत. पाचवी द्या, मी उद्यापासून फोन करते.

बाबांची लेक:
मला हा सगळा प्रकार नको वाटतो. बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर होता. घरात ठरलं होतं की त्यांना गाठ म्हणून सांगायचं, त्यापुढे काही नाही. ते बरोबर की चूक यावर इथे वाद नको. एका ठिकाणी त्यांच्या हातात भलामोठा फॉर्म दिला. काळजी वाटते का, उदास वाटतं का, आजारामुळे घरच्यांच्या जीवनावर परिणाम झालाय का? बाबांनी पेन खाली ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

आठवड्यातले काही दिवस ते आजार विसरत. सकाळी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येत, पेपर वाचत. दर सोमवारी त्यांना "किती दुखतंय, किती थकलात" विचारून ते दिवसही हिरावून घ्यायचे का? शिवाय घरोघरी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. फॉर्म मुलगा नाहीतर सून भरणार. मग ते रुग्णाचं म्हणणं कसं झालं?

मुठाकाठ:
ताई, तुमच्या बाबांच्या हातात दिलेला कागद बहुधा युरोपातल्या ३० प्रश्नांच्या संचासारखा असेल. तो मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाच्या लोकांनी मराठी आणि हिंदीत तपासून घेतलेला आहे, २००५ मध्ये त्यावर लेखही आला. त्यात पैशांच्या ओढाताणीचाही प्रश्न आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. पण संशोधनासाठीचा कागद आणि दर आठवड्याचा कागद वेगळे हवेत, हे तुमचं वाचून पटलं. जेवण गेलं का, झोप लागली का, हे विचारायला कॅन्सर हा शब्द लागत नाही.

सुनेने फॉर्म भरण्याबद्दल: घरचे उत्तर देतात तेव्हा त्रास बहुधा रुग्ण स्वतः सांगेल त्यापेक्षा जास्त सांगतात, असं अभ्यासांत वारंवार दिसलंय. आमच्याकडे मी उलटं केलं, गप्प राहिले. दोन्हींवर उपाय एकच, रुग्णाशी थेट बोलणं.

करमाळा–स्वारगेट:
आमच्या आईला लाईट (रेडिएशन) आणि केमो दोन्ही चालू आहे. पहाटेच्या एसटीने निघतो, रात्री परत. योजनेत केमो बसली, पण दोघांचे बुडालेले रोज कुणी धरत नाही. ॲप वगैरे आमच्या कामाचं नाही, फोन माझ्याकडे असतो आणि मी शेतात.

एकदा आईला विचारलं, शून्य ते दहा, किती दुखतंय? ती म्हणाली, दहा म्हणजे काय? मग एका म्हाताऱ्या कंपाउंडरने विचारलं, "मावशी, रुपयात किती?" आई लगेच म्हणाली, "बारा आणे. रात्री पुरा रुपया." त्या दिवशी पहिल्यांदा दुखण्याची गोळी बदलून मिळाली. तुमच्या कागदात आणे घाला.

पेठेतला संगणकवाला:
ॲपला माझाही विरोध, कारण वेगळं. कुणाला किती वेदना, कुणाचं मन खचलंय, ही माहिती कुठल्या सर्व्हरवर जाणार आणि विमा कंपनीपर्यंत पोचणार नाही याची हमी कोण देणार? वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण संमतीच्या खुणेवर बोट ठेवताना ओपीडीच्या रांगेत कोण वाचतं?

आणि फॉर्म भरतो तो बरा असलेला माणूस. ज्याचा फॉर्म आला नाही तोच बहुधा अंथरुणाला खिळलेला असतो. म्हणून न आलेल्या उत्तराला पहिला फोन गेला पाहिजे. हे जमणार नसेल तर नुसते आलेख काढू नका.

मुठाकाठ:
फोनवरून चालतं. त्या ५२ केंद्रांत रुग्णाला इंटरनेट किंवा आपोआप येणारा फोन यातलं एक निवडता येत होतं. आणि न्यूयॉर्कच्या अभ्यासात ज्यांना संगणकाची सवय नव्हती त्यांनाच जास्त फायदा झाला. करमाळ्याचे दादा, म्हणून हे तुमच्या आईसाठी आधी हवं, कोथरूडच्या आजोबांसाठी नंतर.

ऑन्को ओपीडी:
सिस्टर आणि करमाळ्याचे दादा, तुमचं वाचून माझी भूमिका थोडी सरकली आहे. पाच-सहा प्रश्न असतील, फोनवर असतील आणि प्रत्येक उत्तरापुढे काय करायचं ते आधीच लिहिलेलं असेल, तर मी करून बघायला तयार आहे. ताप, दम, खाणं-गिळणं, उलटी-जुलाब, दुखणं. मुंग्यांचा प्रश्न फक्त ती औषधं चालू असणाऱ्यांना.

मात्र "जीवनाची गुणवत्ता शंभरपैकी ६३" असा आकडा माझ्यापुढे ठेवलात तर मी काय करू? ६३ ला औषध नाही. तिथे मी ठाम आहे.

बाबांची लेक:
डॉक्टर, ६३ ला औषध नसेल, पण कुणीतरी बसून ऐकायला हवं असतं. शेवटच्या दोन महिन्यांत आम्ही बाबांना वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्रात, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या केंद्रात, नेलं. १९९७ पासून तिथे मोफत सेवा मिळते, आणि आम्ही मात्र तिथे शेवटचेच लोक जातात असं समजून टाळत राहिलो. तिथे फॉर्म कुणी हातात दिला नाही. एक बाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "काका, रात्री झोप लागते का?" बाबा वीस मिनिटं बोलले. मॉर्फिन हे तीव्र दुखण्यावरचं औषध सुरू झालं आणि चार रात्रींनी ते सलग झोपले. मी म्हणते ते हेच. कागद नको, माणूस हवा.

डेकेअर सिस्टर:
मॉर्फिनचं नाव निघालंच आहे तर सांगते. २०१४ मध्ये कायदा बदलून ते मिळणं सोपं केलं, तरी घरचे अजून घाबरतात, व्यसन लागेल म्हणतात. आणि ते चालू केल्यावर संडास साफ होतंय का, हा प्रश्न विचारायलाच लागतो, नाहीतर रुग्ण चौथ्या दिवशी गोळी बंद करतो.

लेक ताई, त्या बाईंनी जे विचारलं ते त्यांच्या डोक्यात होतं. माझ्या हाताखालच्या नव्या सिस्टरच्या डोक्यात ते नसतं. तिच्यासाठी कागद. रुग्णाच्या हातात द्यायचा नाही, तिच्या हातात द्यायचा.

बाबांची लेक:
हे चालेल मला. पण "उदास वाटतं का" हे असं थेट विचारू नका. "घरात कुणाशी बोलता का?" असं विचारा.

मुठाकाठ:
एक पान लिहायला घेतलंय. वर सिस्टरांचं तापाचं वाक्य. मग गिळणं, झोप, संडास, दुखणं (आण्यांत). "मुंग्या येतात का" ऐवजी "हुकं-बटणं लावता येतात का, गार भांडं धरवतं का" असं लिहिलंय. कुणी तरी माझ्या आईला हे विचारलं असतं तर ती "बरं आहे" म्हणाली नसती, "नाही" म्हणाली असती. डॉक्टरसाहेब, तुम्ही औषधांच्या बाजूने तपासून द्याल का?

ऑन्को ओपीडी:
देतो. पाठवा. पण शनिवारी रात्रीचा फोन कोण उचलणार, ती ओळ पानावर अजून रिकामी आहे. तिथे नंबर लिहिल्याशिवाय मी ते एकाही रुग्णाच्या घरी जाऊ देणार नाही.

करमाळा–स्वारगेट:
बुधवारी आईची चौथी केमो आहे. पान तयार झालं तर इथेच टाका, मी एसटीत तिला वाचून दाखवतो. तिला काय कळलं नाही ते रात्री लिहितो.