माघार शिस्तीत, पण मागे काय उरलं?
दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या २०व्या माउंटन आर्मीने १९४४ मध्ये लॅपलंडमधून, म्हणजे फिनलंडच्या उत्तर भागातून, शिस्तीत माघार घेतली असं म्हणतात. शिस्त होती, मान्य. पण पुढचंही सांगायला हवं. जूनमध्ये सेनापती डीटल विमान अपघातात गेला आणि सूत्रं रेंडुलिककडे आली. सप्टेंबरात तोवर जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या फिनलंडने रशियाशी शस्त्रसंधी केली, आणि जर्मनांना तिथून निघावं लागलं. या माघारीत ऑक्टोबरात लॅपलंडमधलं रोवानिएमी शहर जळालं, मग जर्मनांनी नॉर्वेचा उत्तरेकडचा फिनमार्क प्रांत जाळला: घरं, गोठे, होड्या, तारेचे खांबसुद्धा. ऐन थंडीच्या तोंडावर हजारो माणसांना घराबाहेर हुसकलं. फिनमार्कमधल्या होनिंग्सवोग गावात चर्च तेवढं उभं राहिलं, बाकी सगळी राख! युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात या जाळपोळीच्या आरोपातून रेंडुलिक सुटला, कारण रशियन पाठलागाची भीती त्याला त्या वेळी खरी वाटली होती. मला तो निकाल आजही पटत नाही.