होडी वाऱ्यावर सोडून गरवताना लाईन ताणात कशी ठेवायची? ड्रोग, क्लिप की रबर, आधी काय घेऊ?

निवती_किनारा:
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं निवतीच्या बाहेर इंजिन बंद करून होडी वाऱ्यावर सोडतो आणि तळाला तांबोशी-गोबऱ्यासाठी गरी टाकतो, पाणी १२ ते १५ वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट). सकाळी मतलई (जमिनीकडचा वारा) असते तोवर ठीक, पण दुपारकडे वायव्येचा वारा उठला की होडी पळायला लागते, लाईन तिरकी लांब जाते, मध्ये झोळ पडतो, शिसं तळाला टेकलंय की नाही तेच कळत नाही आणि मासा आमिष टोचून गेला तरी हाताला काही लागत नाही. १५० ग्रॅमवरून ३०० वर गेलो तरी तेच. ३० पौंडाची ब्रेड (विणलेली लाईन) आहे, ५००० चं स्पिनिंग रीळ. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) सैल ठेवला तर लाईन आपोआप सुटत राहते, कसला तर गरी तोंड फाडून निघते. दुकानात रिलीज क्लिप (ओढ बसली की लाईन सोडणारा चिमटा) दाखवतात, कोणी धक्का झेलणारा रबरी स्नबर सांगतं, कोणी ड्रोग. सगळं एकदम परवडणार नाही, आधी काय घेऊ?

दाभोळ_खाडी:
भाऊ, आधी ड्रोग. बाकी सगळं नंतर. लाईन तिरकी होते ती पाण्याच्या ओढीने कमी आणि वाऱ्याने जास्त. पाणी होडीलाही नेतं आणि लाईनलाही, दोघं बरोबर चालले तर लाईन बऱ्यापैकी सरळ खाली राहते. वारा मात्र फक्त होडीला ढकलतो, म्हणून होडी पाण्याच्या पुढे पळते आणि लाईन मागे राहते. ड्रोग म्हणजे पाण्यातली छत्री, ती होडीला पाण्याबरोबर धरून ठेवते. तुमची होडी १८-२० फुटी असेल तर साधारण मीटरभर तोंडाचा पुरेल. तो लावल्यावर ३०० ग्रॅमचं शिसं परत उतरवता येईल, आणि शिसं हलकं झालं की चावा आपोआप कळायला लागतो.
अजून एक, गरी नेहमी वारा येतो त्या बाजूने टाका. दुसऱ्या बाजूने टाकली तर होडी लाईनवर चढते आणि लाईन होडीच्या तळाला घासते.

मालवणी_गरी:
ड्रोगला माझंही मत, पण ड्रॅगचं बघाच. कसला की फाटते म्हणताय म्हणजे अंदाजाने कसताय. साधा स्प्रिंगचा वजनकाटा लाईनला अडकवा, रॉड वाकवा आणि लाईन सुटायला लागते तेव्हाचा आकडा वाचा. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो, त्याच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलो. मोठा मासा लाईन घेऊन पळाला की स्पूल रिकामा होतो आणि घेर अर्ध्यावर आला तर तोच ड्रॅग दुप्पट ओढतो, तेव्हा कसायचा नाही उलट थोडा सोडायचा. बहुतेक मासे इथेच जातात.
ब्रेड जवळजवळ ताणतच नाही म्हणून सगळा धक्का गरीवर येतो. पुढे दोन-तीन मीटर मोनो तंगूसाचा लीडर (गरीकडचा शेवटचा तुकडा) आणि मऊ टोकाचा रॉड, एवढ्याने बरंच काम होतं. सर्कल हुक (टोक आत वळलेली गरी) वापरत असाल तर झटका मारूच नका, रॉड वाकून भरू द्या आणि सावकाश गुंडाळा.

निवती_किनारा:
धन्यवाद दोघांना! काट्याचं डोक्यातच नव्हतं. मग क्लिप आणि स्नबर घेऊच नको का? आणि ड्रोग बांधायचा कुठे, मागे बांधला तर चालेल?

दाभोळ_खाडी:
मागे अजिबात नको!! मागची बाजू बुटकी असते, लाट सरळ आत येते आणि दोर पंख्यात जायची भीती वेगळी. नाळीला, म्हणजे पुढच्या टोकाला बांधा, किंवा होडी आडवी हवी असेल तर वाऱ्याच्या बाजूला मधोमध, पण समुद्र खवळलेला असेल तेव्हा आडवी ठेवूच नका. ड्रोगच्या शेपटीला दुसरी बारीक दोरी हवीच, ती ओढली की तो उलटा होऊन हलका वर येतो, नाहीतर भरलेला ड्रोग ओढताना खांदे जातात.

मालवणी_गरी:
क्लिप तळाच्या मासेमारीला नाही हो. ती सुरमईला जिवंत आमिष फुग्याखाली सोडतो तेव्हा कामाची, होडीच्या हलण्याने सुटणार नाही पण मासा लागला की पटकन सुटेल एवढीच घट्ट ठेवायची. स्नबर विकत घेण्यापेक्षा हातदोरीवाले सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधतात तसा बांधून बघा. तो पैसा तीनतोंडी स्विव्हलवर (लाईन, गरी आणि शिसं जोडायची फिरती कडी) घाला, शिसं मुख्य लाईनपेक्षा कच्च्या तंगूसावर लटकवायचं, खडकात अडकलं तर फक्त शिसं जातं, वरची गरी आणि मासा राहतो. निवतीच्या खडकाळ तळात याचा फरक लगेच दिसेल.
आणि उधाणाच्या दिवसांत ड्रोग लावूनही पाणी खूप ओढतं, कारण वरचं पाणी आणि तळाचं पाणी सारख्या वेगाने चालत नाही. शक्य असेल तर भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत जा, अष्टमीच्या आसपास. मालवणकडे सरकलात तर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, तिथे गरी टाकू नका.

निवती_किनारा:
ठरलं मग, ड्रोग, काटा आणि स्विव्हल. पुढच्या अष्टमीला जातोय, शिसं किती ग्रॅमवर आलं ते इथेच लिहितो.