‘सिद्ध असा’ की ‘तयार राहा’?

प्रश्न

आमच्या चर्चच्या मंडळीत दरवर्षी आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळापूर्वीच्या, चार रविवारांसाठी मननाची एक छोटी पुस्तिका काढतात. यंदा तिचे लेखन माझ्याकडे आले आहे आणि पहिल्याच शब्दापाशी मी अडले आहे. पहिल्या रविवारचे वाचन मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायातील आहे आणि त्यात प्रभू येशू शिष्यांना ‘सिद्ध असा’ असे सांगतो. तरुण संघातल्या मुलांना मी या दोन शब्दांचा अर्थ विचारला, तेव्हा एकाने ‘सिद्ध म्हणजे गणितात शेवटी लिहितात ते’ असे उत्तर दिले, आणि दुसऱ्याने ‘असा’ हा शब्द ‘तसा’च्या जोडीचा समजून ‘सिद्ध, पण कसा?’ असे मलाच विचारले. ‘असणे’ या क्रियापदाचे हे आज्ञार्थी रूप त्यांच्या कानांवरून कधी गेलेलेच नसावे.

दुसरी गोष्ट घरची आहे. माझ्या मुलीला आठवा महिना संपत आला आहे आणि ती बाळंतपणासाठी माझ्याकडे आली आहे. आगमनकाळ म्हणजे मुळात एका बाळाची वाट पाहण्याचा काळ असल्यामुळे आत्मिक तयारीविषयी लिहिताना घरात चाललेल्या या तयारीचाच आधार घ्यावा, असे माझ्या मनात आहे. परंतु मुलीच्या बाबतीत ‘सिद्धता’ हा शब्द माझ्या तोंडी येत नाही, आणि पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर नुसते ‘तयारी’ घातले तर ते फार साधे दिसते. दोन्ही ठिकाणी चालेल असा शब्द कोणता?

प्रतिसाद १

आधी शब्द वेगवेगळे करून पाहू. ‘सिद्ध’ म्हणजे पूर्णत्वास गेलेले. मराठीत स्वयंपाक सिद्ध होतो, प्रमेय सिद्ध होते, आरोप सिद्ध होतो आणि योगीही सिद्ध होतो, आणि या चारही ठिकाणी करायचे ते करून झालेले आहे. ‘सज्ज’ हा शब्द कोशकार धनुष्याच्या प्रत्यंचेशी, म्हणजे ‘ज्या’शी जोडतात, त्यामुळे त्याला रणांगणाचा वास आहे. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात जेथे चिलखत, ढाल आणि शिरस्त्राण यांचे वर्णन आहे, तेथे तो शोभला असता, पण पाळण्याशेजारी नाही.

‘तयार’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ ‘उडणारा’ असा असून, झेप घेण्याच्या बेतात असलेल्या शिकारी पक्ष्यावरून ‘सज्ज’ हा अर्थ आला असावा, असे कोशांत सांगितले जाते. मराठीने मात्र त्या शब्दाला स्वतःचे वळण दिले. आढीतला आंबा तयार होतो आणि गुरूसमोर बसून शिष्याचा गळा तयार होतो. या तयार होण्याला वेळ लागतो, ते कशाच्या तरी उबेत किंवा कोणाच्या तरी हाताखाली होते, आणि अमुक क्षणी ते पुरे झाले असे बोट ठेवून दाखवता येत नाही. माझ्या मते आपल्याला जे म्हणायचे आहे, ते हेच आहे.

मत्तय २४:४४ मधील ग्रीक शब्द ‘हेतोइमोस’ असा आहे आणि तो रोजच्या व्यवहारातला आहे. मत्तय २२ मध्ये राजाच्या मुलाच्या लग्नाची मेजवानी तयार आहे असा निरोप पाठवला जातो, तेथेही हाच शब्द येतो. म्हणजे मूळ शब्दच जर चुलीजवळचा आहे, तर ‘तयारी’ साधा दिसतो ही तक्रार होऊ शकत नाही.

प्रतिसाद २

मी वसईचा, कॅथलिक. माझा ‘तयारी’ला आक्षेप आहे, आणि तो भाषेपेक्षा डिसेंबर महिन्याविषयी अधिक आहे. आमच्याकडे ‘नाताळची तयारी’ म्हटले की घराला रंग, अंगणात गोठा, नवे कपडे आणि फराळ इतकेच डोळ्यांसमोर येते. धर्मगुरू जांभळा झगा घालून वेदीवर उभे असतात, जो उपवासकाळाचाही रंग आहे, आणि आपण मात्र बाजारात असतो. ‘सिद्धता’ या शब्दाने माणूस निदान क्षणभर थबकतो, म्हणून तो जड असला तरी टाकवत नाही.

तुमच्या उपमेला मात्र फार जुना आधार आहे. इ.स. ६५६ मध्ये स्पेनमधील तोलेदो येथील धर्मपरिषदेने १८ डिसेंबरला मरियेचा एक सण ठरवून दिला, आणि पुढे तो तिच्या प्रसूतीच्या प्रतीक्षेचा सण म्हणून पाळला जाऊ लागला. याच दिवसांत संध्याकाळच्या प्रार्थनेत ‘ओ’ या उद्गाराने सुरू होणारी धृपदे म्हणतात, आणि त्यावरून पोर्तुगीज लोक या गरोदर मरियेला ‘नोस्सा सेन्योरा दो ओ’, म्हणजे ‘ओ’ची माता, म्हणतात. तिच्या काही मूर्तींत तिचा एक हात पोटावर असतो. मराठीत या सणाला रुळलेले नाव माझ्या कानी आलेले नाही, आणि पोर्तुगिजांशी एवढा जुना संबंध असलेल्या आमच्या भागात तरी ते असायला हवे होते, असे वाटते.

प्रतिसाद ३

मी निवृत्त पाळक आहे. ‘सिद्ध’ आणि ‘तयार’ यांच्या वादात एक तिसरा प्रयोग बाजूला पडला आहे, आणि तो आपल्या पवित्र शास्त्रातच आहे. लूक २:६ मध्ये मरिया बेथलेहेमात असताना तिचे ‘दिवस भरले’ असे येते. हे मराठी भाषांतरकाराने आपल्या पदरचे घातलेले नाही, कारण मूळ ग्रीकमध्येही ‘बाळंत होण्याचे दिवस भरले’ अशीच रचना आहे, आणि ती मागे हिब्रूपर्यंत जाते. उत्पत्ती २५:२४ मध्ये रिबकेचे दिवस असेच भरतात. बेथलेहेमची मरिया आणि आपल्या गावची गरोदर बाई एकाच वाक्प्रचारात बसतात, हे भाषांतरकाराच्या वाट्याला क्वचित येणारे सुख आहे.

पण मराठीत दिवस आणखी एका प्रकारे भरतात. एखाद्या अन्याय करणाऱ्याविषयी ‘त्याचे दिवस भरले’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या घरी पाळणा हलणार आहे असे कोणी समजत नाही. जन्म आणि शेवट या दोहोंना एकच शब्दप्रयोग आहे. हिब्रूतही नेमके असेच आहे: २ शमुवेल ७:१२ मध्ये दाविदाचे दिवस भरतील ते मरणासाठी, आणि विलापगीत ४:१८ मध्ये ‘आमचे दिवस भरले’ हा पडलेल्या यरुशलेमेचा आक्रोश आहे.

‘घटका’ही त्याच कुळातली आहे. मत्तयातील शेवटच्या काळाविषयीच्या बोधात ‘दिवस’ आणि ‘घटका’ हे शब्द जोडीने येतात. पूर्वी लग्नात मुहूर्त मोजायला पाण्यात तळाला भोक असलेले घटिकापात्र सोडत. ते २४ मिनिटांत भरून बुडे, तेव्हा घटका भरली असे म्हणत. पाणी भरताना दिसते, परंतु वाटी बुडण्याचा क्षण मात्र पाहता पाहता हुकतो.

त्यामुळे आगमनकाळाची पहिली वाचने गव्हाणीविषयी नसून शेवटच्या दिवसाविषयी का असतात, हा प्रश्न मराठी माणसाला खरे तर पडू नये. पहिले आगमन आणि दुसरे आगमन, बाळ आणि न्यायाधीश, या दोहोंसाठी आपली भाषा एकच क्रियापद वापरते. मी चाळीस वर्षे उपदेश केला आणि हे माझ्या ध्यानात निवृत्तीनंतर आले.

‘जागृत राहा’ या आज्ञेविषयीही थोडे लिहितो, कारण ‘सिद्ध’इतकाच तो शब्दही लोकांना धास्ती घालतो. मत्तय २५ मधील, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींच्या दाखल्याचा शेवट ‘जागृत राहा’ असा आहे. पण दाखल्यात झोपतात त्या दहाही जणी. शहाण्या पाचही पेंगल्या आणि झोपल्या, आणि त्याबद्दल त्यांना कोणी बोल लावलेला नाही. फरक एवढाच होता की त्यांच्या दिव्यांशेजारी तेलाची भांडी भरलेली होती. भांडे भरलेले असले की झोप येते, आणि यावी.

मूळ प्रश्नकर्ती

पाळकसाहेब, तुमचे शेवटचे वाक्य मी मुलीला वाचून दाखवले, आणि ती अर्ध्यातच झोपली. तिची रुग्णालयात न्यायची पिशवी गेले दहा दिवस दाराशी आहे. तिच्यात तपासण्यांची फाइल, रक्तगटाचे कार्ड, दोन गाऊन, चार्जर आणि दुपटी आहेत.

या दुपट्यांविषयी थोडे सांगते, कारण ‘तयारी’ शब्द मला तेथेच पटला. आमच्या घरी बाळ जन्मण्याआधी त्याच्यासाठी नवे कापड आणत नाहीत. ख्रिस्ती होऊन आमच्या चार पिढ्या झाल्या, तरी ही चाल टिकून आहे. मग माझ्या आईची तीन जुनी सुती लुगडी काढली. ती साबण न लावता गरम पाण्यात घातली, उन्हात वाळवली, आणि असे चार वेळा केले. नंतर काठ उसवून काढले, कारण काठ बाळाच्या अंगाला टोचतो, आणि उरलेले कापड कात्री न लावता हातानेच सरळ फाडले. तीस वर्षे धुतलेले सूत एका रेषेत फाटते आणि त्याचा आवाजही होत नाही. या कामात ‘सिद्ध’ म्हणता येईल असा क्षण एकही नव्हता, आणि नवी वस्तू तर घरात एकही आली नाही. वसईच्या बंधूंना बाजाराची जी भीती वाटते, तिचे उत्तर कदाचित आमच्या या चालीत असावे.

यावरून लक्षात आले की लूक २:७ मध्ये मरिया बाळाला ‘बाळंत्याने’ गुंडाळते. लहानपणापासून ही ओळ नाताळच्या नाटकात ऐकली आहे. मात्र तिच्याजवळ प्रवासात बाळंते होते, म्हणजे ते तिने नासरेथहून बरोबर घेतले असणार, असे यंदाच मनात आले. उतारशाळेत जागा मिळाली नाही, पण कापड गाठोड्यात होते.

प्रतिसाद १

‘बाळंत्या’वरून आठवले. मत्तय २४:८ मध्ये युद्धे, दुष्काळ आणि भूकंप यांना ‘वेदनांचा प्रारंभ’ म्हटले आहे, आणि तेथला ग्रीक शब्द बाळंतपणाच्या कळांचा आहे. मराठी वाचकाला ‘वेदना’ म्हणजे कोणतेही दुखणे वाटते, आणि उपमा तेथेच हरवते. गंमत अशी की संस्कृत ‘वेदना’च प्राकृतातून झिजत मराठीत ‘वेणा’ झाली आणि नेमक्या त्याच अर्थाला चिकटली. ‘वेणांचा प्रारंभ’ असे छापले असते, तर एका अक्षराच्या फरकाने सारे सांगून झाले असते. पंडिता रमाबाईंनी सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला, आणि त्यांचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनने छापले. अशा शब्दांसाठी ते उघडून पाहायला हवे.

प्रतिसाद ४

उपमा सुंदर आहे, पण एक विनंती करते. तुमच्या मंडळीत अशाही बायका बसलेल्या असतील, ज्यांना दिवस गेले पण ते भरले नाहीत, किंवा गेलेच नाहीत. मी त्यांच्यातली आहे. पुस्तिकेचे चारही रविवार डोहाळे आणि दुपटी यांवर असतील, तर मी ती दुसऱ्या पानावर मिटून ठेवीन. लूकही सुरुवात मरियेपासून करत नाही. तो आधी मरियेची नातलग, वय उलटून गेलेली अलीशिबा, हिला आणतो, आणि तिला दिवस गेल्यावर ती पाच महिने कोणाला दिसत नाही, हेही नोंदवतो.

मूळ प्रश्नकर्ती

तुमचे म्हणणे मान्य आहे, आणि ते माझ्या आधीच ध्यानात यायला हवे होते. दुसरा रविवार अलीशिबेचा केला आहे आणि त्यात बाळाच्या कपड्यांचा उल्लेख येणार नाही.

शीर्षक ‘दिवस भरत आले’ असे ठरले. वाचनात ‘सिद्ध असा’ हे शब्द आहेत तसेच राहतील, खाली मात्र ‘तयार राहा’ अशी टीप छापू. ‘आध्यात्मिक सिद्धता’ हा जोडशब्द पूर्ण पुस्तिकेत कोठेही येणार नाही.

एक शंका उरते. आमच्या घरात ‘दुपटे’ म्हणतात आणि ‘बाळंते’ हा शब्द मी पवित्र शास्त्राबाहेर कधी ऐकलेला नाही. तो आजही कोणाच्या घरी बोलला जातो का, आणि दुपटे व बाळंते या एकाच वस्तू आहेत का, हे कोणी सांगू शकेल काय? तरुण संघातली मुले विचारणारच आहेत.