क्यू३ चे आकडे जुळत नाहीयेत, मदत हवी आहे (अर्जंट)

निळीशाई:
एका शीटमध्ये सहा कंपन्यांचा तिमाही रेव्हेन्यू घेतलाय, क्यू१ क्यू२ क्यू३ क्यू४ असे कॉलम केलेत आणि ग्राफ काढलाय तर काहीच्या काही दिसतंय. एकीची मोठी उडी क्यू१ मध्ये, दुसरीची क्यू४ मध्ये. वर्षअखेरीच्या सीझनला सगळ्यांचीच विक्री वाढते ना, मग उडी एकाच जागी यायला हवी. आकडे तीनदा तपासले, टायपिंगची चूक नाही. फॉर्म्युला सांगा कोणीतरी, उद्या सकाळी द्यायचंय.

चौकट:
कुठल्या कंपन्या? कुठलं वर्ष? आकडे कुठून उचललेत?

निळीशाई:
सगळ्यांचं एफवाय२५, म्हणजे आर्थिक वर्ष २०२५. ज्याच्या त्याच्या रिझल्टमधूनच घेतलेत. कंपनीनं काय फरक पडतो, क्यू३ म्हणजे क्यू३ च ना?

ससा:
तुमचा एफवाय आणि एवाय मध्ये गोंधळ होतोय बहुतेक. उत्पन्न कमावलं ते फायनान्शियल इयर आणि रिटर्न भरायचं ते असेसमेंट इयर. आता १ एप्रिल २०२६ पासून नवीन कायद्यात दोन्हीऐवजी एकच 'टॅक्स इयर' आलंय, तेव्हा घाबरू नका.

निळीशाई:
मी रिटर्न भरत नाहीये हो. ग्राफ काढतोय. इन्फोसिस, ॲपल, मायक्रोसॉफ्ट, ओरॅकल, वॉलमार्ट आणि अल्फाबेट. झालं समाधान?

चौकट:
झालं, कारण घोळ तिथेच आहे. या प्रत्येक कंपनीचं आर्थिक वर्ष वेगळ्या महिन्यात सुरू होतं. तुमच्या क्यू३ च्या कॉलममध्ये सहा वेगवेगळे काळ शेजारी शेजारी बसलेत. एफवाय२५ चा क्यू३ वॉलमार्टकडे म्हणजे ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२४, इन्फोसिसकडे ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४, ओरॅकलकडे डिसेंबर ते फेब्रुवारी, मायक्रोसॉफ्टकडे जानेवारी ते मार्च २०२५, ॲपलकडे एप्रिल ते जून २०२५ आणि अल्फाबेटचं वर्ष कॅलेंडरप्रमाणे असल्यामुळे तिथे जुलै ते सप्टेंबर २०२५. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जवळजवळ वर्षाचं अंतर. तुमची क्यू१ वाली उडी ॲपलची असणार, त्यांचा क्यू१ ऑक्टोबर-डिसेंबर असतो. आकडे बरोबरच आहेत, लेबलं फसवतायत.

निळीशाई:
हो, ॲपलचीच आहे. मग आता काय करू?

जुनाहिशेब:
सोपं आहे. प्रत्येक तिमाहीला तीननं भागा, महिन्याचा आकडा काढा आणि मग जानेवारी-मार्च, एप्रिल-जून असं परत जोडा. मी कित्येक वर्षं असंच करत आलोय, कोणी कधी हरकत घेतली नाही.

चौकट:
हरकत घेतली नाही म्हणून ते बरोबर होत नाही ना. वॉलमार्टचा नोव्हेंबर-जानेवारी तीननं भागलात तर डिसेंबरची गर्दी जानेवारीत सांडणार. ज्या सीझनसाठी ग्राफ काढताय तोच पुसला जाईल. कंपनीनं जे महिने सुटे दिलेच नाहीत ते आपण बनवू नयेत.

जुनाहिशेब:
बेरीज तर तीच राहते की.

चौकट:
चार तिमाह्यांची राहते, एकेका तिमाहीची नाही. आणि प्रश्न तिमाहीचा आहे.

पानगळ:
तिमाहीच्या मागे लागूच नका. दर तिमाहीला मागच्या बारा महिन्यांची बेरीज घ्या, म्हणजे कोणाचं वर्ष कधीही सुरू होवो, प्रत्येकाचा एक सीझन त्यात येतोच. तुलनेला हेच उत्तम.

निळीशाई:
पण मला सीझनच दाखवायचाय!

ससा:
मुळात हे एप्रिलचं वर्ष ब्रिटिशांनी १८६७ मध्ये आणलं, त्याआधी सरकारी हिशेब १ मे ते ३० एप्रिल असायचा. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं वर्ष आधी जुलैत सुरू व्हायचं, मग ऑक्टोबरवर नेलं, तेव्हा १९७६ ची जुलै-सप्टेंबर तिमाही कुठल्याच वर्षात न धरता वेगळी मोजावी लागली होती. वाचलं तेव्हा मला फार आवडलं होतं ते.

चौकट:
छान आहे, पण त्याची उद्याची वेळ चुकेल. निळीशाई, असं करा. क्यू१ क्यू२ हे कॉलम काढून टाका आणि तिमाही ज्या दिवशी संपली ती तारीख लिहा, प्रत्येक रिझल्टवर असतेच. त्या तारखेतून एक महिना मागे जा (एक्सेलमध्ये ईडेट आहे त्याला), म्हणजे तिमाहीच्या मधल्या महिन्यात पोचता. तो महिना ज्या कॅलेंडर तिमाहीत पडेल तिथे आकडा ठेवा. ओरॅकलची सप्टेंबर-नोव्हेंबर आणि वॉलमार्टची नोव्हेंबर-जानेवारी दोन्ही ऑक्टोबर-डिसेंबरमध्ये जातील, एक महिनाभर लवकर, एक महिनाभर उशिरा. ते ग्राफखाली स्वच्छ लिहा, लपवू नका.

पानगळ:
एक महिना मागे कशाला? सरळ संपल्याची तारीख ज्या तिमाहीत पडते तीच घ्यायची.

चौकट:
मग वॉलमार्टची ३१ जानेवारीला संपणारी तिमाही जानेवारी-मार्चमध्ये जाईल, सगळा सीझन चुकीच्या जागी. ॲपलचं तर वर्षच महिन्यावर नाही, सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी संपतं. २०२३ ची त्यांची जानेवारी-मार्चवाली तिमाही १ एप्रिलला संपली होती, तुमच्या पद्धतीनं ती एप्रिल-जूनमध्ये गेली असती.

पानगळ:
हं, हे लक्षात नव्हतं आलं.

जुनाहिशेब:
शनिवारी संपतं म्हणजे मग दर काही वर्षांनी एक आठवडा जास्तीचा येत असणार.

चौकट:
येतो. ॲपलची डिसेंबर २०२२ ला संपलेली तिमाही तेराच्या जागी चौदा आठवड्यांची होती. जुनी वर्षं जोडणार असाल तर तेवढं बघा.

निळीशाई:
केलं. ॲपल आणि वॉलमार्टची उडी आता एकाच जागी आलीये, थँक्यू सगळ्यांना. पण आता ग्राफला भोकं पडलीत, अल्फाबेटला ऑक्टोबर-डिसेंबर २०२४ रिकामं दिसतंय.

चौकट:
कारण ते त्यांच्या २०२४ च्या क्यू४ मध्ये आहे आणि तुम्ही फक्त २०२५ उचललंय. आधी काळ ठरवा, समजा ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५, मग प्रत्येकाच्या लागतील त्या तिमाह्या आणा, वर्षाचं नाव काहीही असू दे. वॉलमार्टच्या एफवाय२६ मधल्याही लागतील.

निळीशाई:
म्हणजे परत डाउनलोड. बसतो आता.